पात्रता ठरवायची कोणी? ट्रम्प विरुद्ध अँडरसन खटल्याचा अभ्यास

डोनाल्ड ट्रम्प यांचे नाव कोलोरॅडो राज्याच्या मतपत्रिकेवर छापायचे की नाही, हा वाद सप्टेंबर २०२३मध्ये डेन्व्हरच्या जिल्हा न्यायालयात दाखल झाला आणि सहा महिन्यांच्या आत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाली काढला. निकाल एकमताचा होता. नाव मतपत्रिकेवर राहिले आणि नोव्हेंबर २०२४मध्ये ट्रम्प निवडूनही आले. राजकारणापुरते प्रकरण तिथेच मिटले. परंतु लोकशाहीच्या मुळावर उठल्याचा आरोप असलेल्या माणसाला निवडणुकीच्या रिंगणात उतरू द्यावे का, आणि उतरू द्यायचे नसेल तर ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न एरवी पाठ्यपुस्तकांत राहतात. इथे ते साक्षीपुरावे, युक्तिवाद आणि तीन न्यायालयांची निकालपत्रे घेऊन समोर आले, म्हणून या प्रकरणाचा तपशीलवार विचार करणे आवश्यक आहे.

१८६८ची तरतूद

यादवी युद्ध संपल्यावर दक्षिणेकडील राज्यांनी, कालपरवापर्यंत फुटीर सरकार चालवणारी माणसेच वॉशिंग्टनला लोकप्रतिनिधी म्हणून पाठवायला सुरुवात केली. फुटीर राज्यांच्या संघाचे उपाध्यक्ष राहिलेले अलेक्झांडर स्टीव्हन्स यांना जॉर्जियाने १८६६मध्ये थेट सिनेटवर निवडून दिले. त्यांना जागा घेऊ दिली गेली नाही, ही गोष्ट वेगळी. या पार्श्वभूमीवर चौदावी घटनादुरुस्ती मांडली गेली आणि १८६८ साली ती अमलात आली. तिचे तिसरे कलम सांगते की, ज्याने काँग्रेसचा (म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा) सदस्य, संघराज्याचा अधिकारी किंवा राज्यातील पदाधिकारी या नात्याने राज्यघटनेशी निष्ठा राखण्याची शपथ घेतली आणि नंतर तिच्याविरुद्ध उठावात किंवा बंडात भाग घेतला, त्याला सिनेटर, प्रतिनिधी किंवा अध्यक्षीय निर्वाचक (राज्याच्या वतीने अध्यक्षाला मत देणारा प्रतिनिधी) होता येणार नाही, आणि संघराज्याचे वा राज्याचे कोणतेही नागरी किंवा लष्करी पद धारण करता येणार नाही. मात्र काँग्रेसची दोन्ही सभागृहे प्रत्येकी दोन-तृतीयांश मतांनी ही अपात्रता दूर करू शकतात.

या कलमाच्या रचनेत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे ते मतांना किंवा विचारसरणीला हात लावत नाही. दक्षिणेच्या बाजूने लढलेला, पण पूर्वी कधीच शपथ न घेतलेला साधा शिपाई त्यातून मोकळा राहत होता. कलमाचा रोख शपथ घेऊन ती मोडणाऱ्यांवर होता. दुसरी गोष्ट माझ्या मते या संपूर्ण प्रकरणाची किल्ली आहे. काँग्रेसने काहीच केले नाही तर काय होईल, याचे उत्तर कलमातच गृहीत धरलेले होते: अपात्रता कायम राहील. ती हटवायची तर साध्या बहुमताने भागणार नाही, दोन-तृतीयांश जमवावे लागतील. १८७२मध्ये बहुतेकांना आणि १८९८मध्ये उरलेल्यांना काँग्रेसने याच मार्गाने माफी दिली. त्यानंतर १९१९मध्ये समाजवादी प्रतिनिधी व्हिक्टर बर्गर यांना सभागृहाबाहेर ठेवताना या कलमाचा आधार घेतला गेला, आणि पुढे शंभर वर्षे ते कलम जवळजवळ पडून राहिले.

एका दारावरून दुसऱ्या दारावर

६ जानेवारी २०२१ रोजी अध्यक्षीय निवडणुकीची निर्वाचक मते मोजण्याचे काम चालू असताना ट्रम्प समर्थकांचा जमाव कॅपिटॉल या संसदेच्या इमारतीत घुसला आणि मोजणी काही तास बंद पडली, हे जगाने पाहिले. त्यानंतर जबाबदारी कोणी निश्चित करायची, याचा जो प्रवास झाला तो मात्र बारकाईने पाहायला हवा. प्रतिनिधिगृहाने १३ जानेवारीला २३२ विरुद्ध १९७ मतांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोग मंजूर केला. सिनेटमध्ये ५७ जणांनी दोषी ठरवले, ४३ जणांनी नाही. लागणारी ६७ मते मिळाली नाहीत. ज्यांनी निर्दोष मत दिले त्यांत रिपब्लिकन पक्षाचे सिनेटमधील नेते मिच मॅकॉनेल होते. त्यांनी मतदानानंतर लगेच सभागृहात सांगितले की, घडल्या प्रकाराला ट्रम्प प्रत्यक्षात आणि नैतिकदृष्ट्याही जबाबदार आहेत, परंतु पदावरून पायउतार झालेल्या अध्यक्षावर महाभियोग चालवण्याचा अधिकार सिनेटला नाही. त्यासाठी फौजदारी न्यायालये आहेत. फौजदारी खटला ऑगस्ट २०२३मध्ये दाखल झाला तेव्हा विशेष अभियोक्ता जॅक स्मिथ यांनी चार आरोप ठेवले, पण त्यांत उठावाचा आरोप नव्हता. प्रत्येक संस्थेचे म्हणणे आपापल्या जागी समर्थनीय ठरू शकेल. सगळी म्हणणी एकापुढे एक ठेवली की प्रत्येकाने फाइल शेरा मारून पुढच्या टेबलावर सरकवल्याचे दिसते.

अशा वेळी कोलोरॅडोतील सहा रिपब्लिकन आणि अपक्ष मतदार न्यायालयात गेले. त्यांच्यातील नॉर्मा अँडरसन या राज्याच्या विधिमंडळात रिपब्लिकन पक्षाच्या बहुमताच्या नेत्या राहिलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या राजकारणी होत्या, त्यामुळे ‘डेमोक्रॅटांचा डाव’ हे उत्तर निदान अर्जदारांपुरते तरी पुरेसे नव्हते. या मांडणीला वैचारिक बळ दिले तेही विल्यम बॉड आणि मायकेल स्टोक्स पॉल्सन या दोन पुराणमतवादी कायदेपंडितांनी; घटनेचा मूळ अर्थच प्रमाण मानणाऱ्या पठडीतून त्यांनी २०२३च्या ऑगस्टमध्ये तिसरे कलम आजही जिवंत असल्याचे प्रतिपादन केले होते.

न्यायाधीश सारा वॉलेस यांच्यासमोर ऑक्टोबरच्या अखेरीपासून सुनावणी झाली. १७ नोव्हेंबरच्या निकालात त्यांनी दोन निष्कर्ष काढले: ट्रम्प यांनी उठावात भाग घेतला होता, पण अध्यक्ष हा त्या कलमाच्या अर्थाने ‘संघराज्याचा अधिकारी’ नसल्यामुळे कलम त्यांना लागू होत नाही. सगळ्यांना लागू होणारे कलम एका सर्वोच्च पदापुरते मात्र लागू होत नाही, हा अर्थ ऐकायलाच चमत्कारिक वाटतो. घटनादुरुस्तीवरील चर्चेत ३० मे १८६६ रोजी सिनेटमध्ये नेमकी हीच शंका निघाली होती. मेरीलँडचे रेव्हर्डी जॉन्सन यांनी विचारले की, अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या पदांना यातून का वगळले आहे? मेनचे लॉट मॉरिल यांनी त्यांचे लक्ष ‘कोणतेही नागरी वा लष्करी पद’ या शब्दांकडे वेधले. जॉन्सन यांनी आपला गैरसमज झाल्याचे मान्य केले आणि चर्चा पुढे गेली. दीडशे वर्षांनी वकिलांनी जो मुद्दा शेकडो पानांत लढवला, तो मूळ सभागृहात चार वाक्यांत मिटला होता.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबरला चार विरुद्ध तीन मतांनी वॉलेस यांचा दुसरा निष्कर्ष फिरवला, पहिला कायम ठेवला आणि ट्रम्प यांना अपात्र ठरवले. वर अपिलाला वाव राहावा म्हणून ४ जानेवारीपर्यंत आपल्याच निकालाला स्थगिती दिली. सातही न्यायमूर्ती डेमोक्रॅट गव्हर्नरांनी नेमलेले होते आणि तरीही न्यायालय दुभंगले, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. भिन्नमत देणाऱ्यांपैकी न्यायमूर्ती कार्लोस समूर यांचा आक्षेप मला या साऱ्या वादातील सर्वांत वजनदार वाटतो. मतपत्रिकेवरील नावांचे तंटे घाईघाईने सोडवण्यासाठी केलेल्या राज्याच्या निवडणूक कायद्याखाली, ज्युरी नाही, साक्षीदारांना बोलावण्याची पुरेशी सोय नाही, कागदपत्रे मिळवण्याला वेळ नाही अशा प्रक्रियेत एखाद्याला घटनात्मक अपात्रतेची शिक्षा देणे हे योग्य न्यायप्रक्रियेच्या हमीत बसते का, असा त्यांचा प्रश्न होता. पुढे वॉशिंग्टनमध्ये या प्रश्नाला कोणी हात लावला नाही.

तीन भूमिका

या टप्प्यावर देशभर जो वाद झाला त्यात एक बाजू म्हणत होती, ‘लोकशाहीला स्वतःचे रक्षण करू द्या’, आणि दुसरी म्हणत होती, ‘लोकांना ठरवू द्या’. दोन्ही घोषणांमागे विसाव्या शतकातील गंभीर विचार आहे.

हान्स केल्सन आणि कार्ल लोव्हेनस्टाइन हे दोघे जर्मनीतून परागंदा व्हावे लागलेले कायदेपंडित, आणि दोघेही पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. हिटलरपूर्व जर्मनीचे वायमार प्रजासत्ताक अखेरच्या घटका मोजत असताना, १९३२मध्ये, केल्सन यांनी लिहिले की, बहुसंख्य लोकच लोकशाहीच्या विरोधात गेले तर लोकशाहीवाद्याने तिला वाचवण्यासाठी हुकूमशाहीचा आसरा घेऊ नये. जहाज बुडत असले तरी आपल्या झेंड्याशी इमान राखावे. लोव्हेनस्टाइन यांनी पाच वर्षांनी, अमेरिकेत बसून, नेमके उलट सांगितले: फॅसिस्ट लोकशाहीच्या सवलती वापरूनच तिला मारतात, म्हणून लोकशाहीने लढाऊ व्हायला हवे. १९४९च्या जर्मन घटनेने दुसरा मार्ग स्वीकारला. तिथे घटनाविरोधी पक्षावर बंदी घालता येते, पण ती घालण्याचा अधिकार फक्त संघीय घटना न्यायालयाला आहे. त्या न्यायालयाने १९५२ आणि १९५६मध्ये तो वापरला आणि २०१७मध्ये एका नवनाझी पक्षाबाबत, त्याचे उद्दिष्ट घटनाविरोधी असले तरी ते गाठण्याची त्याची ताकद नाही, असे म्हणून वापरला नाही. जर्मनांनी लढाऊपणाबरोबर निर्णय कोणी घ्यायचा हेही लिहून ठेवले. अमेरिकेच्या १८६८च्या कलमाने कोण अपात्र हे सांगितले, ते जाहीर कोणी करायचे हे सांगितले नाही. ज्या देशात आपल्या निवडणूक आयोगासारखी निवडणूक चालवणारी राष्ट्रीय यंत्रणाच नाही आणि मतपत्रिका प्रत्येक राज्य स्वतः छापते, तिथे ही उणीव फार मोठी ठरते. मेन राज्यात तर निवडणुकीचे काम पाहणाऱ्या डेमोक्रॅट सेक्रेटरी ऑफ स्टेट शेना बेलोज यांनीच २८ डिसेंबरला ट्रम्प यांना अपात्र ठरवले. त्यांचे कायदेशीर तर्क बिनचूक असले तरी एका पक्षाच्या पदाधिकाऱ्याने दुसऱ्या पक्षाच्या आघाडीच्या उमेदवाराला बाद करावे, हे दृश्य कोणत्याही लोकशाहीला मानवणारे नाही.

असहिष्णूंना सहन करू नये, ही तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांची तळटीप समाजमाध्यमांवर इतकी फिरली आहे की तिच्यातील अट गळून पडली आहे. तर्काने आणि लोकमताने त्यांना आवर घालता येत असेल तोवर त्यांची गळचेपी करणे शहाणपणाचे नाही, असे पॉपर त्याच तळटिपेत म्हणतात. जॉन रॉल्स यांनी १९७१मध्ये हाच मुद्दा अधिक काटेकोरपणे मांडला. असहिष्णू माणसाला तक्रार करण्याचा नैतिक अधिकार नसतो, पण एवढ्याने त्याचे स्वातंत्र्य काढून घेण्याचा आपल्याला अधिकार मिळत नाही. स्वातंत्र्याच्या संस्था खरोखर धोक्यात आहेत असे प्रामाणिकपणे आणि सकारण वाटले तरच तो मिळतो. कोलोरॅडोतील अर्जदारांचा सारा भर या ‘सकारण’वर होता, आणि म्हणूनच त्यांनी भाषणांपुरते न थांबता ६ जानेवारीच्या घटनाक्रमाचे पुरावे दाखल केले.

‘लोकांना ठरवू द्या’ या बाजूचे सर्वांत सुसंगत तत्त्वज्ञ जेरेमी वॉल्ड्रन म्हणता येतील. मूलभूत हक्कांवर नागरिकांत मतभेद असतात तेव्हा मूठभर न्यायाधीशांच्या मतमोजणीला निर्वाचित प्रतिनिधींच्या मतमोजणीपेक्षा अधिक मान का द्यावा, हा त्यांचा प्रश्न सहजी झटकून टाकता येत नाही. पण ते स्वतःच अट घालतात की, समाजातील लोकशाही संस्था बऱ्यापैकी नीट चालू असल्या पाहिजेत. इथे वादच असा होता की, संबंधित व्यक्तीने त्या संस्थांचा निकाल मानायला नकार दिला होता. ८ फेब्रुवारी २०२४च्या सुनावणीत न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हेनॉ यांनी जनतेच्या निवडीच्या हक्काचे काय, असे विचारले तेव्हा अर्जदारांचे वकील जेसन मरी यांनी उत्तर दिले की, हे प्रकरण इथवर आले तेच मुळी ट्रम्प यांनी आपल्याविरुद्ध मत देणाऱ्या आठ कोटी लोकांचा कौल पुसण्याचा प्रयत्न केला म्हणून. २०२०मध्ये मत देणारे लोक आणि २०२४मध्ये मत देऊ इच्छिणारे लोक एकच आहेत, आणि १८६८मध्ये कलम मंजूर करणाऱ्या पिढीलाही ‘लोक’ या संज्ञेवर तितकाच हक्क आहे. ‘लोकांना ठरवू द्या’ म्हणणाऱ्याला यांपैकी कोणत्या लोकांनी, हे सांगणे भाग आहे.

तिसरी भूमिका अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांची. लोकशाही ही वॉशिंग्टनमध्ये किंवा राज्याच्या राजधानीत आपोआप चालणारी यंत्रणा आहे असे समजून आपण वागत आलो, हे त्यांनी १९३९मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, आपल्या देशबांधवांना बजावले. त्यांच्या लेखी ती जगण्याची रीत होती. कोलंबिया विद्यापीठात त्यांचे विद्यार्थी राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी आपल्या घटना समितीत संवैधानिक नीतिमत्तेचा मुद्दा मांडला, तो याच विचाराला समांतर जातो: ही नीतिमत्ता उपजत नसते, ती जोपासावी लागते. मात्र आंबेडकर तेवढ्यावर थांबले नाहीत. प्रशासनाचे बारकावे घटनेत का लिहिले, याचे समर्थन करण्यासाठीच त्यांनी हा मुद्दा वापरला. नीतिमत्ता मुरलेली नसेल तर तपशील कायदेमंडळावर सोडून देणे धोक्याचे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ड्यूईंचे म्हणणे खरे असले तरी ‘शेवटी सगळे नागरिकांच्या संस्कारांवर अवलंबून’ असे म्हणत अधिकाऱ्यांना आपापली जबाबदारी झटकायला ते फार सोयीचे पडते. आंबेडकरांनी ती पळवाट बंद केली.

४ मार्चचा निकाल

सुनावणीत न्यायमूर्ती एलेना केगन यांनी विचारले की, देशाचा अध्यक्ष कोण होणार हे एका राज्याने का ठरवावे? या प्रश्नानंतर निकाल कुठे जाणार हे बहुतेकांच्या लक्षात आले. पंधरा राज्यांतील प्राथमिक निवडणुकांच्या आदल्या दिवशी तो जाहीर झाला. न्यायमूर्ती आसनस्थ झाले नाहीत, निकालपत्र संकेतस्थळावर टाकण्यात आले. नऊही जणांचे एका मुद्द्यावर एकमत होते: राज्ये आपल्या पदांपुरते हे कलम राबवू शकतात, पण संघराज्याच्या पदांसाठी, विशेषतः अध्यक्षपदासाठी, नाही. एका राज्यात पात्र आणि शेजारच्या राज्यात अपात्र, असा गोंधळ सहन करण्याची सक्ती घटना करत नाही, हे त्यामागचे कारण. हे कारण मला पटते. संघराज्यात सर्वांच्या वतीने एकाने निर्णय घ्यायचा असेल तर तो एक कोण, यावर आधी सहमती लागते.

पण पाच न्यायमूर्ती तिथे थांबले नाहीत. कलम राबवायचे तर काँग्रेसने त्यासाठी कायदा करायला हवा, असे त्यांनी पुढे जोडले. न्यायमूर्ती सोटोमायॉर, केगन आणि जॅक्सन यांनी निकालाला संमती देताना या जोडणीवर कडक टीका केली. न्यायमूर्ती बॅरेट यांनीही एका पानात, एवढे पुढे जाण्याची गरज नव्हती असे म्हटले, आणि त्याच दमात देशातील वातावरण तापवू नका असा सल्ला सहकाऱ्यांना दिला. तिघींचा मुख्य तर्क साधा होता. अपात्रता हटवायला घटना दोन-तृतीयांश मते मागते; मग कायदा न करता नुसते बसून राहिल्यानेही अपात्रता निष्प्रभ होत असेल, तर दोन-तृतीयांशांच्या अटीला अर्थ काय उरला?

१८६८च्या कलमात काँग्रेसच्या निष्क्रियतेचा अर्थ ‘अपात्र’ असा होता. ४ मार्च २०२४नंतर त्याच निष्क्रियतेचा अर्थ ‘पात्र’ असा झाला. ज्या काँग्रेसला वेळेवर अर्थसंकल्प मंजूर करता येत नाही, तिथे निष्क्रियतेचा भार ज्याच्या बाजूने तो जिंकणार हे उघड आहे. १८७०मध्ये काँग्रेसने असे अपात्र पदाधिकारी हटवण्यासाठी दिवाणी मार्गाची तरतूद केली होती, ती १९४८मध्ये रद्द झाली. उरला तो उठावाच्या गुन्ह्याचा फौजदारी कायदा, आणि त्याखाली आरोप ठेवला गेलाच नव्हता. लढाऊ लोकशाही की निष्ठावंत लोकशाही, लोव्हेनस्टाइन की केल्सन, हा प्रश्न न्यायालयाने सोडवला नाही. कोण ठरवणार या प्रश्नाचे उत्तर त्याने असे दिले की मूळ प्रश्न विचारण्याची वेळच येऊ नये.

ट्रम्प यांनी उठावात भाग घेतला होता, हा कोलोरॅडोच्या दोन न्यायालयांचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने ना उचलून धरला ना फेटाळला. बहुमताच्या निकालपत्रात त्यावर मतच नाही. १ जुलै २०२४ला अध्यक्षांच्या अधिकृत कृत्यांना फौजदारी कारवाईपासून व्यापक संरक्षण देणारा सहा विरुद्ध तीन असा निकाल आला, निवडणुकीनंतर स्मिथ यांनी खटला मागे घेतला, आणि ६ जानेवारी २०२५ रोजी संयुक्त बैठकीत मते मोजली गेली तेव्हा एकाही सदस्याने तिसऱ्या कलमाचा हवाला देऊन हरकत घेतली नाही. दरम्यान हे कलम एका माणसावर चालले. न्यू मेक्सिकोतील ओटेरो काउंटीचे आयुक्त कुई ग्रिफिन हे ६ जानेवारीला कॅपिटॉलच्या आवारात होते. राज्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२२मध्ये त्यांना याच कलमाखाली पदावरून दूर केले होते. अँडरसन खटल्याच्या निकालानंतर दोनच आठवड्यांनी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील ऐकण्यास नकार दिला. काउंटीचे पद राज्याच्या कक्षेत येते आणि तिथे कलम राबवायला काँग्रेसच्या कायद्याची गरज नाही, त्यामुळे नव्या कसोटीवरही त्यांची अपात्रता टिकली.